सत्तीवर डबल

डॉ. शशिकांत हुपरीकर यांनी माझ्या नवऱ्याची वही ढापली, हे मला सहा वर्षं ठाऊक होतं. ती त्यांना वाचता आली नव्हती, हे मात्र गेल्या फेब्रुवारीत कळलं. पहिल्या ज्ञानानं माणूस नुसता जळत राहतो. दुसऱ्यानं त्याला उद्योग मिळतो.

नवरा म्हणजे एझरा थळकर. लेस्टरच्या एका कॉलेजात त्यानं एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आम्ही दोघंही मुंबईचे बेने इस्राएल; घरात मराठी बोलत आणि सिनेगॉगमध्ये हिब्रू वाचत वाढलो. मी पाठचिकित्सेत रमले. एकाच पोथीच्या दहा नकला समोर ठेवायच्या आणि कोणी कोणावरून उतरवून घेतलं ते शोधायचं, हा माझा व्यवसाय. एडिनबराला तो शिकवत मी निवृत्त झाले; लेस्टरला घरी सुट्टीत जायची, आता एडिनबरालाच राहते. एझराला पोथ्यांत गोडी नव्हती. त्याला पत्त्यांत होती.

दर जूनमध्ये आम्ही साउथॅम्प्टनहून बोटीनं निघायचो. मी डेकवर वाचत बसायची आणि तो कसिनोत, ब्लॅकजॅकच्या टेबलाशी. खेळ दिसायला सोपा आहे. चित्राचे पत्ते दहाचे, एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. तुम्हाला दोन पत्ते मिळतात, डीलरचा एक पत्ता उघडा असतो, आणि एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा वर राहायचं असतं. आणखी पत्ता घ्यायचा, थांबायचं, की पैज दुप्पट करून एकच शेवटचा पत्ता मागायचा, म्हणजे डबल करायचं, हे डीलरच्या उघड्या पत्त्यावरून ठरतं. प्रत्येक प्रसंगाचं बरोबर उत्तर गणितानं काढता येतं. जमिनीवरच्या कसिनोंसाठी ते केव्हाच काढून झालेलं आहे. बोटींचे नियम मात्र जरा निराळे आणि जरा कंजूष असतात. एझरानं बारा उन्हाळ्यांत या बोटींच्या नियमांसाठी हातानं तक्ते तयार केले. जिंकण्यासाठी नव्हे. ‘कसिनोशी खेळणारा शेवटी हरतोच, सिमा,’ तो म्हणायचा. ‘प्रश्न एवढाच, की किती सभ्यपणे.’

तो गेला तेव्हा शिवाचे, म्हणजे आमच्या सुतकाचे, सात दिवस मी लेस्टरच्या घरात जमिनीलगतच्या बैठकीवर बसून काढले. शशिकांत आणि त्यांची बायको सुप्रभा रोज येत. शशिकांत भूलतज्ज्ञ आणि एझराचे पस्तीस वर्षांचे मित्र. सुप्रभा मुगाची खिचडी आणायची, न बोलता भांडी घासायची आणि जायची. पाचव्या दिवशी शशिकांत म्हणाले, “वहिनी, एझराची ती वही माझ्याकडे द्या. नीट टाइप करून घेतो. असं काम वाया जाता कामा नये.”

मी उठले आणि वही स्वतःच्या हातानं दिली. दुसऱ्यांच्या पोथ्यांची पानन् पान छायाचित्रं काढण्यात आयुष्य घालवलेल्या बाईनं घरातल्या एकमेव हस्तलिखिताची साधी झेरॉक्स काढली नव्हती. शशिकांतचा अपराध मी पुढे सिद्ध केला. माझा सिद्ध करायची गरजच नव्हती.

दोन वर्षांनी पुण्याहून ‘एकवीसच्या आत’ हे पुस्तक आलं. लेखक, डॉ. शशिकांत हुपरीकर. मागच्या पुठ्ठ्याला खिसा, खिशात टेबलावर ठेवण्याजोगं तक्त्यांचं कार्ड. अर्पणपत्रिका अशी होती: ‘ज्याच्यासोबत पुष्कळ चहा प्यालो त्या कै. एझरास.’ कै. म्हणजे कैलासवासी. ज्यानं जन्मभर शुक्रवारच्या संध्याकाळी किद्दुशचा, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचा, प्याला उचलला, त्याला शशिकांतनी परस्पर कैलासात नेऊन बसवलं आणि खाली राहिलेलं सामान ताब्यात घेतलं.

मी पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं आणि अतिशय सुसंस्कृत होतं. एझराशी झालेल्या गप्पांचं ऋण त्यांना मान्य होतं. वही त्यांनी ‘बहुधा’ परत केली होती. आणि माझ्या सध्याच्या मनःस्थितीची त्यांना पूर्ण कल्पना होती. पुरावा माझ्याजवळ नव्हता. गणिताचं बरोबर उत्तर हे कोणाच्याच मालकीचं नसतं. दोन नकला बिनचूक असतील तर त्यांचं नातं सिद्ध होत नाही. नातं सिद्ध होतं ते चुकीवरून. हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले होते. पण अर्पणपत्रिकेच्या पुढे ते पुस्तक वाचण्याइतकी शांतता मला सहा वर्षं लाभली नाही.

फेब्रुवारीत मधुमतीचा फोन आला. मधुमती मेडनहेडला राहते, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे आणि तिचं तोंड फटकळ आहे. निवृत्त मराठी डॉक्टरांचा एक गट दर वर्षी क्रूझला जातो, त्यात ती असते. शशिकांत त्या गटाला बोटीवर ब्लॅकजॅक शिकवतात.

“सिमा, एक सांग. तुझ्या एझरानं सत्तीवर डबल करायला सांगितलं असतं का गं?”

“कुठल्या हातावर?”

“एक्का-छक्की. डीलरची सत्ती. बाकीचं सगळं जग म्हणतं, चव्वीवर डबल कर, सत्तीवर नको. हा म्हणतो उलटं. म्हणे ‘हुपरीकर शिफ्ट’. मी दोन ट्रिपा हरतेय.”

त्या दुपारी मी पुस्तकाच्या खिशातलं कार्ड प्रथमच बाहेर काढलं. बाकीचे तक्ते निर्दोष होते, म्हणजे एझराचे होते. फक्त एक्का हातात असतानाचा तक्ता विचित्र होता. एक्का-छक्कीवर डबल करायचं ते डीलरच्या तिर्रीपासून छक्कीपर्यंत. इथं छापलं होतं पंजीपासून अठ्ठीपर्यंत. एक्का-चव्वीवर डबल चव्वी, पंजी, छक्कीला; इथं पंजी, छक्की, सत्तीला. एक्का-दुर्रीची ओळ मात्र बरोबर. अडाण्याच्या चुका वेड्यावाकड्या असतात. या चुकांना शिस्त होती, आणि शिस्तबद्ध चूक पाहिली की माझ्या धंद्यातली माणसं खुर्ची पुढे ओढतात. मी ओळी उलट्या टोकाकडून मोजल्या. प्रत्येक ओळ जागच्या जागी बसली.

मग मला ते पान आठवलं. एझराच्या साऱ्या तक्त्यांत डीलरचे पत्ते डावीकडून उजवीकडे मांडलेले असत, एक्का सर्वांत आधी. एकाच पानावर त्यानं लहर म्हणून वरच्या ओळीत आकड्यांऐवजी हिब्रू अक्षरं लिहिली होती. हिब्रूत अक्षरांनीच आकडे दाखवता येतात. आलेफ म्हणजे एक, बेत म्हणजे दोन, असं दहापर्यंत. ‘एक्क्याचं पान आहे, आलेफनंच सुरू व्हायला हवं,’ असं म्हणून तो डेकवर स्वतःशीच हसला होता. आणि ती अक्षरं त्यानं आमच्या वडिलांनी शिकवली तशीच लिहिली होती, उजवीकडून डावीकडे. शशिकांतना ती नक्षी वाटली असावी. बाकीच्या पानांवर डावीकडे एक्का, तर इथंही डावीकडे एक्काच, असं धरून त्यांनी पान उतरवलं. प्रत्यक्षात डावीकडे दहा होते. सगळा तक्ता आरशात पाहिल्यासारखा उलटा झाला, आणि चव्वीची सत्ती झाली.

इतक्यावर ते थांबले असते तर मला त्यांची थोडी कीव आली असती. पण त्यांनी त्या चुकीला स्वतःचं आडनाव दिलं होतं.

मी मधुमतीला फोन केला आणि मेच्या सफरीत गटासाठी राखलेल्या केबिनांपैकी एखादी रिकामी आहे का, ते विचारलं.

चुकीचा पुरावा माझ्यापाशी होता, पण पुरावा आणि कबुली यांत फरक असतो. पुराव्यावर ते म्हणाले असते, चूक माझीच, सुधारून घेतो, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येईल. एझराचं नाव तरीही बाहेरच राहिलं असतं. मला ते नाव पुस्तकावर हवं होतं, आणि ते शशिकांतच्या तोंडून, त्यांच्या श्रोत्यांसमोर यायला हवं होतं. यासाठी त्यांच्या एका सद्गुणावर माझी भिस्त होती. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही चूक स्वतःपाशी ठेवून घेतलेली मी पाहिली नव्हती. मोटरवेवर चुकीच्या जंक्शनला गाडी बाहेर पडली, तर शेजारी बसलेल्या सुप्रभेनं बोलण्यात गुंतवलं होतं. भाषण लांबलं, तर माईक बिघडला होता. चूक समोर आली की ते तिला ताबडतोब दुसरं घर शोधून देत. या चुकीसाठी रिकामं घर एकच होतं, आणि त्याचा मालक विरोध करायला हयात नव्हता.

साउथॅम्प्टनला बोटीवर चढण्याआधी सुप्रभेनं मला जेट्टीवरच पाहिलं. तिनं माझा हात धरला आणि सोडला. शशिकांत मात्र मोठ्यानं म्हणाले, “अरे, वहिनी. किती बरं वाटलं. झालं गेलं विसरलात ना?”

“माझी स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिली नाही,” मी म्हणाले. हे खरंच होतं. ती पूर्वीपेक्षा सुधारली होती.

बंदरात असताना बोटीवरचा कसिनो बंद ठेवतात. दुसऱ्या दिवशी आम्ही आयरिश समुद्रात होतो, म्हणून दुपारी दारं उघडली. शशिकांत टेबलाच्या मधोमध बसले, मागे सातआठ निवृत्त डॉक्टर वॉर्डाच्या फेरीला आल्यासारखे उभे. मी शेवटच्या खुर्चीवर बसले. शेवटच्या खुर्चीवरच्यानं चुकीचा पत्ता घेतला तर सगळं टेबल बुडतं, अशी जुगाऱ्यांची समजूत आहे. तिला गणिताचा काडीचा आधार नाही, पण दोष द्यायला एक खुर्ची ठरलेली असली की सगळ्यांनाच बरं वाटतं. आपल्या वाङ्मयात फाशांना शिव्या देणाऱ्या जुगाऱ्याचं सूक्त तीन हजार वर्षांचं आहे. पत्ते बदलले, खुर्च्या आल्या, एवढीच प्रगती.

डीलर मुलीच्या छातीवर ‘उर्वी, युनायटेड किंगडम’ अशी पाटी होती. आमचं बोलणं ऐकून ती हळूच म्हणाली, “माझा आई पण मराठी आहे. लेस्टर. आँटी, कार्ड टेबलवर ठेवली तर चालतो. फोन नाही चालत.”

“छान बोलतेस,” मी म्हणाले. “माझ्याकडे कार्ड नाही. या काकांच्या कार्डावरच आम्ही सगळे जगतोय.”

शशिकांत प्रसन्न हसले. अर्ध्या तासानं तो हात आला. त्यांच्यासमोर एक्का आणि छक्की, उर्वीसमोर सत्ती. मागचे डॉक्टर पुढे झुकले.

“आता बघा,” शशिकांत म्हणाले. “चव्वी असताना डीलर सावध असतो. सत्तीला गाफील असतो. ही सायकॉलॉजी आहे.”

डीलरला नियमाप्रमाणे पत्ते ओढण्यापलीकडे कसलंच स्वातंत्र्य नसतं. उर्वीला गाफील राहण्याची परवानगीच नव्हती. त्यांनी चिपा दुप्पट केल्या, एक पत्ता मागितला, आणि चव्वी आली. एकवीस. उर्वीनं आपला झाकलेला पत्ता उलटला, सतरा झाले, म्हणजे नियमानं थांबणं भाग, आणि तिनं चिपा त्यांच्याकडे सरकवल्या. टाळ्या वाजल्या. एका हातानं काहीच सिद्ध होत नाही, हे त्या टेबलाभोवती फक्त मला आणि मेलेल्या एझराला माहीत होतं. नशिबानं चुकीला इतकी सुंदर साथ द्यावी, यापेक्षा जास्त मी त्याच्याकडे मागितलंच नसतं.

“अभिनंदन,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “हे कुणाला सुचलं म्हणायचं? एझराशी कधी बोलला होतात का यावर?”

“नाही हो वहिनी. एझरा गणितात हुशार, पण तो पुस्तकी. हा सत्तीचा शोध हंड्रेड पर्सेंट माझा.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” मी मागे वळून विचारलं. “आपल्याकडे श्रेय द्यायला लोक फार विसरतात.”

मधुमतीला खोकल्याची उबळ आली.

पाचव्या दिवशी आम्ही ऑर्कनीला कर्कवॉल बंदरात उतरणार होतो. सकाळी कप्तानानं जाहीर केलं की वारा फार आहे, बोट धक्क्याला लागणार नाही. बाहेर जायची सोय नाही म्हटल्यावर शशिकांतच्या अकराच्या वर्गाला गटातली झाडून सगळी माणसं आली. पत्ते खेळायच्या खोलीत पन्नासेक खुर्च्या, भिंतीवर पांढरा फळा, आणि अधूनमधून सगळी खोली डावीकडे कलायची. शशिकांतनी हुपरीकर शिफ्ट समजावली. या हिवाळ्यात दुसरी आवृत्ती येते आहे, इंग्रजीतही निघते आहे, हेही सांगितलं. मग म्हणाले, “एनी क्वेश्चन्स?”

मधुमती उभी राहिली. “शशिकांत, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. थिअरी राहू दे, रिपोर्ट दाखव. सत्तीवर डबल करून मी या ट्रिपला नऊदा हरले, दोनदा जिंकले.”

“मधुमती, स्मॉल सॅम्पल. तू धीर धरत नाहीस.”

“किती सॅम्पल हवं?” मी बसल्या बसल्या विचारलं. “माझा एक जुना विद्यार्थी आहे, वेद. एडिनबरालाच असतो, कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं तुमच्या तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीसाठी एकेक कोटी हात खेळवून पाहिले. बाकीचे सगळे तक्ते अचूक आहेत. एक्क्याच्या तक्त्यातल्या पाच ओळी चूक आहेत. कागद आणलेत, वाटू का?”

कागद वाटले गेले. डॉक्टर मंडळींनी रक्ताचा रिपोर्ट वाचावा तसे चष्मे कपाळावर चढवून ते वाचले. मागून मेडनहेडचेच एक निवृत्त जीपी म्हणाले, “अहो, पण आम्ही तीन-चार दिवस हेच करतोय.”

“कसिनोचं स्वतःचं कार्डसुद्धा चव्वीच म्हणतं,” दुसरं कोणी म्हणालं.

“कसिनो तुम्हाला त्याला लुटायची किल्ली देईल का?” शशिकांत म्हणाले, पण हशा आला नाही, आणि त्यांच्या भाषणांत हशा न येणं ही नवी गोष्ट होती. त्यांनी कागद पुन्हा पाहिला. भूलतज्ज्ञाला आकडे वाचता येतात.

“मग चूक आहे की नाही?” मधुमतीनं विचारलं. “आणि असली तर कुणाची?”

शशिकांतनी पाण्याचा घोट घेतला. मी त्यांच्याकडे नाही, घड्याळाकडे पाहत होते. माझ्या अंदाजानं त्यांना एक मिनिट लागायला हवं होतं. चाळीस सेकंद लागले.

“हे बघा,” ते खाली पाहून म्हणाले. आवाज मृदू झाला होता. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी असतो तसा. “मी हे कधीच बोलणार नव्हतो. गेलेल्या माणसाविषयी बोलू नये. आणि इथं वहिनी आहेत. पण आता विषय निघालाय, तर ऑनेस्ट राहिलं पाहिजे. ते पान माझं नाही. ते एझराचं आहे. मित्र म्हणून मी विश्वास ठेवला, तपासलं नाही. तेवढीच माझी चूक.”

खोली एकदा कलली आणि सरळ झाली.

“परवा टेबलावर हंड्रेड पर्सेंट तुझा होता शोध,” मधुमती म्हणाली.

“ते मी... लोकांसमोर त्याचं नाव खराब होऊ नये म्हणून.”

“पान म्हणजे कशाचं पान?” मी विचारलं.

“त्याच्या नोट्सचं.”

“कुठल्या नोट्स?”

“वहिनी, त्याची ती वही होती ना...”

“ती तुम्ही मला परत केलीत. तुमचं तसं पत्र आहे. मग पान आलं कुठून?”

पहिल्या रांगेतून सुप्रभेचा आवाज आला. ती उभी राहिली नाही, मागेही वळली नाही.

“वही केबिनमध्ये आहे. तिजोरीत. रोज सकाळी तो तिच्यातनं वाचतो आणि मग इकडे येतो.”

“सुप्रभा,” शशिकांत म्हणाले.

“जाऊन आणू का?” तिनं मला विचारलं.

“आण.”

ती येईपर्यंत कोणी उठलं नाही. शशिकांत फळ्याजवळ उभे होते. बसावं तर खुर्ची नव्हती, जावं तर दार माझ्या पलीकडे होतं. सुप्रभेनं वही आणून माझ्या हातात दिली. निळा पुठ्ठा, वर एझराचं लफ्फेदार अक्षर. मी ती छातीशी वगैरे धरली नाही. एक्क्याचं पान उघडून मधुमतीला दिलं आणि फळ्यापाशी गेले. शशिकांत बाजूला सरकले.

मी वर्गात लिहायची तशी दहा अक्षरं लिहिली. आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे, वाव, झाइन, खेत, तेत, योद. उजवीकडून सुरुवात केली आणि डावीकडे पोचले. प्रत्येकाखाली त्याचा आकडा लिहिला. त्याखाली वहीतली एक्का-छक्कीची ओळ, डबलच्या चार खुणांसकट.

“पान एझराचं आहे, हे डॉक्टर हुपरीकरांनी मान्य केलं, त्याबद्दल आभार,” मी म्हणाले. “चूक मात्र त्याची नाही. आता ही ओळ वाचा, आकडे बघून.”

मधुमतीनं वाचली. “तिर्री, चव्वी, पंजी, छक्की. अगं, हे तर करेक्ट आहे.”

“आणि आता अक्षरं येत नाहीत असं समजून, डावीकडून, एक्का धरून मोज.”

तिनं बोट फिरवत मोजलं. “पंजी, छक्की, सत्ती...” ती थांबली. “अरे देवा. शशिकांत, तू उलटं वाचलंस.”

मग हशा आला. आधी मागून, मग सगळीकडून. दुष्ट नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागणारा. कोणीतरी ‘हुपरीकर शिफ्ट’ असं म्हणून हाताचा पंजा डावीकडून उजवीकडे फिरवला. शशिकांत माझ्याकडे पाहून हळू म्हणाले, “वहिनी, हे खाजगीत बोलता आलं असतं.”

“सहा वर्षांपूर्वी मी खाजगीतच लिहिलं होतं.”

दुपारी बोटीच्या लायब्ररीत त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. मजकूर त्यांचा होता, मी फक्त विशेषणं काढली. सर्व तक्ते एझरा थळकर यांचे, विक्री थांबवावी, पुढील आवृत्ती श्रीमती सिमा थळकर संपादित करतील. सही करताना ते म्हणाले, “तो मला भावासारखा होता.” याला उत्तर देण्याजोगं काही माझ्यापाशी होतं, पण त्या वेळी मला सहीवरची तारीख तपासायची होती. दोन दिवसांनी बोट एडिनबराजवळ थांबली, तेव्हा मी बॅग घेऊन तिथंच उतरले. गटाची साउथॅम्प्टनपर्यंतची सफर अजून बाकी होती. शशिकांत उरलेले दिवस केबिनमधून फारसे बाहेर आले नाहीत, असं मधुमतीनं नंतर कळवलं. कसिनोत आता सत्ती आली की टेबलावरचे सगळे मराठी डॉक्टर एकमेकांकडे बघून पंजा फिरवतात, हेही.

हिवाळ्यात मी आवृत्ती तयार केली. लेखक, एझरा थळकर. प्रस्तावनेत पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की मूळ वही आठ वर्षं संपादिकेच्या ताब्यात नव्हती आणि हा निष्काळजीपणा सर्वस्वी संपादिकेचा होता. त्यानंतर तक्ते. एक्क्याच्या तक्त्यातल्या पाच ओळींना पाच तळटिपा. चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक प्रतीला एक खूण देतात. ‘एकवीसच्या आत’ या छापील प्रतीला मी ‘हु’ ही खूण दिली आणि खुणांच्या यादीत तिचा पूर्ण उलगडा केला, पदवीसकट. तळटिपा अशा आहेत: ‘हु: ५, ६, ७, ८. भ्रष्ट पाठ. नकलकारास लिपीचे ज्ञान नसल्यामुळे.’

मुद्रितं पुण्याला जाण्यापूर्वी शशिकांतची ईमेल आली. प्रकाशकाकडून त्यांना कळलं असावं. त्यांचं नाव पुस्तकातून संपूर्ण वगळलं तरी त्यांची हरकत नाही, किंबहुना तसं केल्यास ते आभारी राहतील, असं त्यांनी लिहिलं होतं. मी कळवलं, की पाठभेद दडपणं माझ्या शास्त्रात अक्षम्य मानलं जातं. एझराचं नाव ज्यांनी वगळलं होतं त्यांना नाव वगळण्याची ही ओढ पुन्हा लागावी, हे मला स्वाभाविक वाटतं, पण यात मी त्यांना मदत करू शकत नाही.

मग सुप्रभेचा फोन आला. ती क्वचितच फोन करते.

“सिमा, पुस्तकावर एझराचं नाव आलं. आलं ना?”

“आलं.”

“तेच हवं होतं ना तुला?”

“हो.”

“मग आता शशिकांतला सोड. नाव काढून टाक. तो बाहेर जात नाही, कुणाचा फोन घेत नाही. ग्रंथालयात कुणी ते पान उघडलं की... तू समजतेस. तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही.”

तिनं खरंच कधी काही मागितलं नव्हतं. त्या सात दिवसांत तिनं माझ्या घरातली भांडी घासली होती, आणि त्या खोलीत तिजोरीबद्दलचं ते वाक्य तिनंच उच्चारलं होतं. ते वाक्य नसतं तर शशिकांत अजून पान हवेतून आल्याचं सांगत राहिले असते. तिचं ऋण मोठं होतं. मग मला चार ओळींचं ते सुसंस्कृत पत्र आठवलं, आणि त्यातला ‘बहुधा’ हा शब्द.

“तुला मुद्रितं पाठवते,” मी म्हणाले. “तळटिपा वाच. एका जरी शब्दात खोटं असेल, तर तो शब्द काढेन.”

आठ दिवसांनी तिनं पुन्हा फोन केला.

“वाचल्या. पाचही.”

“मग?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. बहुधा शशिकांतच्या खोलीचं.

“बरोबर आहेत,” ती म्हणाली.

“ठीक,” मी म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी मुद्रितं छपाईला धाडली. त्यानंतर सुप्रभेनं मला फोन केलेला नाही.